लाल बाजू आमच्याकडे

शुक्रवार, १२ मार्च १९९९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मीना अब्दुल्लाच्या किनाऱ्यावरून निघालो. चार मोटरसायकली, पाच माणसे.

बेत साधा होता. समुद्राकडे पाठ करायची आणि देश संपेल तिथे थांबायचे. पूर्वेला आखात, पश्चिमेला सालमीची सरहद्द, मध्ये वाळवंट. कुवेत एवढा लहान आहे की तो एका सुट्टीत आडवा ओलांडता येतो. कंत्राटावरच्या माणसांना शुक्रवार एवढी एकच सुट्टी असे आणि ती बहुतेकांची कपडे धुण्यात जाई. आमची दर महिन्याला एकदा वाळवंटात जाई. कोणी आम्हाला वेडे म्हणत, कोणी श्रीमंत. आम्ही दोन्ही नव्हतो. त्या देशात पेट्रोल स्वस्त होते आणि जुन्या जपानी मोटरसायकली सुटे भाग जोडून उभ्या करता येत होत्या.

मी रिफायनरीत औद्योगिक सुरक्षा विभागात होतो. अहमदीला कंपनीच्या जुन्या घरात एकटा राहत असे. मुलांच्या कॉलेजमुळे पत्नी नाशिकला परतली होती. बरोबरच्यांपैकी एक पुण्याचा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, तोंडाने सैल. दुसरा सांगलीचा, अवजड वाहनांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, बोलणे बेताचे. उरलेले दोघे सख्खे भाऊ, सिंधुदुर्गातले, आमच्याच रिफायनरीत कंत्राटदाराकडे. थोरला पाइप फिटर, अब्बासियात आठ जणांच्या फ्लॅटमध्ये राहून जुना झालेला. धाकटा वेल्डर. त्याला थोरल्यानेच व्हिसा मिळवून आणले होते आणि तो येऊन वर्षही झाले नव्हते. त्याच्याकडे लायसन्स नव्हते, म्हणून तो भावाच्या मागे बसे.

निघण्यापूर्वी धाकट्याने किनाऱ्यावरच्या दगडावर नारळ फोडला, पाणी प्रत्येक चाकावर शिंपडले आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले.

“चाकाला पाणी, आम्हाला खोबरं,” पुणेकर म्हणाला. “हिशेब बरा आहे.”

“आणि एक नारळ आसा माज्याकडे,” धाकटा मला म्हणाला. “शिवेवर ठेवूचो आसा, साहेब. दुसऱ्याच्या मुलखात जातंव. राखणदाराक इचारल्याशिवाय कसा जातलंव?”

“गप रव,” थोरला म्हणाला. “साहेब हसतले.”

मी हसलो नाही. कोकणात गावाच्या सीमेवर एखादा शेंदूर लावलेला दगड असतो. त्या दगडाला सीमेचा रक्षक मानतात, आणि शीव ओलांडणारा माणूस तिथे नारळ ठेवतो, निदान हात तरी जोडतो. मी त्या बाजूचा नाही, पण माझ्या हाताखाली त्या बाजूचे पुष्कळ लोक काम करून गेले. ते नवीन यंत्राला हात लावण्यापूर्वीही असाच हात जोडत. त्यामुळे काम बिघडल्याचे मला आठवत नाही.

आमचा एक नियम होता. डांबर सोडले की सर्वांनी एका रांगेत चालवायचे. पुढच्याच्या चाकाचा माग मागच्याने सोडायचा नाही. युद्ध संपून आठ वर्षे झाली होती. मोठे पट्टे साफ झाले होते, तरी पावसाने आणि वाऱ्याने जमीन हलत राहिली आणि तिच्यात पुरलेलेही हलत राहिले. त्या देशात नव्या आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगत असे की जिथे चाक गेलेले नाही तिथे पाय ठेवू नये. धाकट्यालाही ते सांगितलेले होते. थोरल्याने माझ्यासमोर सांगितले होते.

सालमीच्या रस्त्यावर आम्हाला वारा लागला नाही. मार्चमध्ये त्या वेळी थोडा तरी वारा असतो. आकाश निळे नव्हते आणि ढगाळही नव्हते. पश्चिमेला जमिनीलगत फिकट तपकिरी रेघ होती, भिंतीला ओल चढावी तशी. सांगलीकराने गाडी माझ्या बाजूला आणून हाताने ती रेघ दाखवली. मी मान हलवली. दुपारपूर्वी परत फिरायचे, असे आमच्यात त्या मानेने ठरले.

रस्त्यालगतच्या छावण्या बहुतेक उठल्या होत्या. हिवाळ्यात कुवेती कुटुंबे तंबू ठोकून वाळवंटात राहतात आणि मार्चमध्ये घरी जातात. मागे राखेचे ढीग, पाण्याच्या फुटक्या टाक्या, एखादी मोडकी खुर्ची. एका राखेच्या ढिगात अर्धा जळालेला लाकडी खांब दिसला. त्याला तारेचा तुकडा लोंबत होता. मी तो पाहिला आणि पुढे गेलो.

पुढे डावीकडे मेंढपाळांची एक कच्ची वाट फुटते. ती सरहद्दीच्या रस्त्याला पुढे जाऊन मिळते, असे पुणेकराला त्याच्या कुवेती ऑपरेटरने सांगितले होते. त्या वर्षी पाऊस झाला होता, त्यामुळे त्या भागात पिवळी फुले आली असतील, असेही सांगितले होते. जावे असे सर्वांनाच वाटले. वाटेवर गाड्यांचे माग होते. जुने होते, पण होते. पुणेकर पुढे, मग सांगलीकर, मग दोघे भाऊ, शेवटी मी.

फुले खरोखर होती. घोट्याच्या उंचीची, विरळ, उन्हात पिवळी. धाकटा मागच्या सीटवर उभा राहून ओरडला, “दादा, हिरवाळ बघ! हिरवाळ!” आल्यापासून त्याने गवत पाहिले नव्हते.

एका उंचवट्यावर आम्ही चहासाठी थांबलो. थर्मास माझ्याकडे होता. मी मोटरसायकल उभी केली, थर्मास सोडवला आणि कप शोधायला वाकलो. एवढ्यात मला पुणेकराचा आवाज आला.

“अहो, बूट कशाला काढताय? इथे देवळाला विश्वस्त नाहीत. चोरीला जातील.”

मी मान वर केली तेव्हा धाकटा वाटेपासून बराच आत गेलेला होता. अनवाणी. दोन्ही हातांत नारळ धरून, खाली न पाहता, सरळ चालत. त्याच्या समोर वाळूतून गुडघाभर वर आलेला एक दगड होता. दगडाची आमच्याकडची बाजू लाल होती.

त्याने शेंदूर पाहिला होता. मी रंग पाहिला.

“थांब,” मी म्हणालो. मी मोठ्याने ओरडत नाही, पण त्या वेळी ओरडलो. “जिथे आहेस तिथेच थांब!”

तोपर्यंत तो दगडापाशी पोचला होता. त्याने नारळ खाली ठेवला आणि वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हसू होते. आम्हा चौघांचे चेहरे पाहून ते राहिले नाही.

“काय झाला, साहेब?”

“हलू नको. पाय उचलू नको. हात लावू नको कशाला.”

थोरल्याला तोवर कळले होते.

“थंयच रव रे, मेल्या!” तो ओरडला. “हलशीत तर बघ!”

सुरुंग काढणाऱ्या पथकांनी त्या देशात दगड रंगवून ठेवले होते. दगड अर्धा लाल, अर्धा पांढरा. असे दगड ओळीने मांडलेले असतात आणि त्यांचा अर्थ सरळ असतो. पांढरी बाजू जिकडे, तिकडची जमीन तपासलेली. लाल बाजू जिकडे, तिकडची नाही. आम्हा सुरक्षा विभागातल्या लोकांना हे एका व्याख्यानात दाखवले होते. व्याख्यान ऐकून बहुतेकांनी वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली.

मी धाकट्याला विचारले, “दगडाच्या मागच्या बाजूला रंग आहे का? मान वाकवून बघ. पाय हलवू नको.”

त्याने मान वाकवली.

“आसा, साहेब. पाठीक पांढरो आसा.”

मी उजवीकडे पाहिले. दूर दुसरा दगड होता. त्याच्या पलीकडे तिसरा, मग चौथा. त्यांतला एक कलंडलेला होता. उरलेले दोन्ही लाल दिसत होते.

लाल बाजू आमच्याकडे होती.

मला हे समजायला फार वेळ लागला नाही. सांगायला लागला. धाकटा जिथे उभा होता ती धोक्याची कड होती, आणि त्या कडेच्या आतल्या अंगाला आम्ही होतो. वाट, मोटरसायकली, थर्मास आणि आम्ही चौघे. त्या वाटेवरून मेंढपाळांच्या गाड्या गेल्या होत्या आणि त्यांना काही झाले नव्हते, एवढाच आमचा आधार होता. कडेच्या एका बाजूने आत शिरताना आम्ही कोणताही दगड पाहिला नव्हता, कोणतीही तार पाहिली नव्हती. मला तो जळका खांब आठवला.

मी पुणेकराला आणि सांगलीकराला बोलावले आणि हळू आवाजात सांगितले. गाड्या हाताने, आपल्याच मागावर उलट्या वळवा. आलात त्याच मागावरून डांबरापर्यंत जा. मागाबाहेर चाक जाता कामा नये. सालमीच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी शोधा. जागा नीट समजावून सांगा.

पुणेकर म्हणाला, “सर, तुम्ही?”

“चार गाड्या वळवण्यात माग मोडेल. दोन पुरेत.”

“पण सर...”

“वारा यायच्या आत जा.”

ते गेले. सांगलीकर पुढे, पुणेकर मागे, दोघेही पाय वर उचलून, अगदी सावकाश. इंजिनांचा आवाज उंचवट्याआड गेला. मग फार शांतता झाली.

आता वाटेवर मी आणि थोरला होतो आणि दगडाशी धाकटा. मध्ये त्याची अनवाणी पावले होती. पिवळ्या फुलांतून सरळ गेलेली, उथळ, स्पष्ट. बुटांची असती तर अधिक खोल उमटली असती.

थोरला म्हणाला, “पावला दिसतत. तेच्यारसून तो परत येयत.” आणि भावाकडे पाहून ओरडला, “इलंस तसोच पाटी ये! पावलात पाऊल ठेव!”

धाकट्याने एक पाय उचलला.

“नाही!” मी म्हणालो. “पाय खाली. होता तिथेच.”

त्याने पाय होता तिथेच ठेवला. तो कोणाचे ऐकावे हे ठरवत होता आणि ते त्याला जमत नव्हते.

मी थोरल्याला जे सांगितले ते शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितले. तुमचा भाऊ सुरक्षित जमिनीपासून एका पावलावर आहे. ती जमीन दगडाच्या पलीकडे आहे, इकडे नाही. इकडे आला तर तो पुन्हा धोक्यातून चालेल आणि चालून आपल्यापाशी पोचेल. आपण स्वतः धोक्यात उभे आहोत. त्याला पलीकडे जायला सांगा.

थोरला माझ्याकडे पाहत राहिला.

“पल्याड?” तो म्हणाला. “माज्यापासून लांब?”

“हो.”

“आणि तो रंग खोटो आसलो तर? तो दगड कोणी फिरवलो आसलो तर? थंय तो एक कलांडलो हा, दिसता मां?”

हा प्रश्न योग्य होता. मलाही पडला होता. छावणीतली मुले दगड उलटवू शकतात, मेंढ्या पाडू शकतात, कोणी चूल मांडायला उचलू शकतो. पण दोन दगड एकाच दिशेला तोंड करून उभे होते आणि तिसरा, ज्याच्यापाशी माणूस उभा होता, तोही त्याच दिशेला. उलटवणारा ओळीने उलटवत नाही. मी तसे सांगितले. त्याला ते पटले नाही. पटण्यासारखी गोष्टही नव्हती. त्याला भाऊ जवळ हवा होता.

“मी जातंय,” तो म्हणाला. “उचलून हाडतंय तेका.”

आणि त्याने वाटेबाहेर पाय टाकायला घेतला. मी त्याचा पट्टा मागून धरला. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि दुप्पट बळाचा होता. त्याने ठरवले असते तर मी फरफटत गेलो असतो.

रिफायनरीत बंद टाकीत वायूने गुदमरून माणूस पडला तर बाहेरचा माणूस आत धावतो. तोही पडतो. मग त्याच्यासाठी तिसरा धावतो. एका टाकीतून तीन माणसे बाहेर काढलेली मी पाहिली आहेत. त्यातला पहिला एकटाच कामासाठी आत गेला होता. बाकीचे दोघे प्रेमाने गेले. म्हणून टाकीच्या तोंडाशी पहाऱ्यावरचा माणूस असतो आणि त्याचे काम एवढेच असते की काहीही झाले तरी आत जायचे नाही. हे काम शिकवायला सर्वांत अवघड असते.

“सोडा माका!” थोरला म्हणाला.

“नाही.”

“तुमचो भाव आसतो तर?”

“तरीही.”

तो वळला. मला वाटले मारील. त्याने मारले नाही. पश्चिमेची तपकिरी रेघ आता रेघ राहिली नव्हती. ती अर्ध्या आकाशापर्यंत आली होती आणि पिवळी फुले पहिल्यांदाच हलत होती.

“वादळ येतंय,” मी म्हणालो. “आलं की तुम्हाला तो दिसणार नाही आणि त्याला तुम्ही दिसणार नाही. तेव्हा तो आवाजाच्या दिशेने चालत येईल. म्हणजे आपल्याकडे. माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा.”

धाकटा तिकडून ओरडला, “दादा, काय करू?”

वाऱ्याने वाळू जमिनीलगत सरकू लागली होती. मधल्या काही पावलांच्या कडा ढासळल्या.

“दादा!”

“आवस नको म्हणत होती,” आईबद्दल थोरला मला म्हणाला. “एक दिलंय, दुसरो देवचंय नाय, असा म्हणत होती. मीच हाडलंय तेका.”

मग त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले.

“साहेब सांगतत तसा कर! दगडाच्या पल्याड जा!”

“पल्याड?”

“पल्याड! एकच पाऊल! आणि थंयच बस!”

“पल्याड तू नाय मां, दादा!”

थोरल्याने भावाला शिवी दिली. जी शिवी त्याने दिली ती मी इथे लिहीत नाही. गावात वडील माणूस झाडावर चढलेल्या मुलाला देतो, तशी ती होती. आणि मला वाटते त्या शिवीनेच काम केले. धाकट्याने दोन्ही हात दगडाच्या डोक्यावर ठेवले, एक पाय उचलला आणि दगडावरून पलीकडे गेला.

काही झाले नाही.

तो पलीकडे उभा राहिला. मग खाली बसला. दगडावर फक्त त्याचे डोके दिसत होते. थोरल्याने श्वास सोडला तो मला ऐकू आला, कारण वारा त्या क्षणापुरता पडला होता.

मग वादळ आले. अरबीत त्याला तोझ म्हणतात. ते पावसासारखे येत नाही. आधी उजेड पिवळा होतो, मग नारिंगी, मग कोणी खोलीची दारे लावावीत तसा जातो. आम्ही दोन्ही मोटरसायकली एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि त्यांच्या आडोशाला चाकांच्या मागावर बसलो. पाय जवळ घेतले. रुमाल पाण्यात भिजवून तोंडावर बांधले. चहा तसाच राहिला.

थोरला दर थोड्या वेळाने ओरडत होता. काय ओरडावे हे मी त्याला सांगितले होते: फक्त “बस”. ये म्हणू नका, कसा आहेस विचारू नका. तो ओरडे, “बस!” आणि वाऱ्यात कुठून तरी, कधी अगदी जवळून आल्यासारखे, कधी दुसऱ्याच दिशेने, उत्तर येई, “बसलंय!” मग काही वेळ उत्तर आले नाही. थोरला उठला. मी त्याच्या पट्ट्यावरचा हात काढलेला नव्हता.

“आवाज येणा नाय.”

“वारा आहे.”

“बस रे! बस!”

उत्तर नाही. त्याचे पूर्ण शरीर ताणलेले होते, कुत्र्याची साखळी ताणली जाते तसे. मला त्याचा पट्टा हातात जाणवत होता आणि त्याच्याखाली त्याचा श्वास.

नंतर आवाज आला. शिंकल्याचा. पाठोपाठ शिवी. थोरला खाली बसला आणि त्याने कपाळ मोटरसायकलच्या टाकीला टेकवले.

वादळ ओसरले तेव्हा जगाचा रंग बदलला होता. फुले दिसत नव्हती. धाकट्याची पावले नव्हती. त्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे आमच्या चाकांचे माग नव्हते. मागे, पुढे, दोन्हीकडे जमीन कोऱ्या चादरीसारखी एकसारखी होती. आम्ही बसलो होतो तेवढी, दोन मोटरसायकलींच्या लांबीची जागा आम्हाला ठाऊक होती. बाकी काही ठाऊक नव्हते.

थोरल्याने ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “हो.”

तो पहिल्यांदाच हसला. कोरडे हसू. “साहेब, आमी आत, आणि तो भायर.”

दगडापलीकडे धाकटा उभा राहिला. केस, भुवया, शर्ट सगळे एका रंगाचे.

“दादा, मी येव काय थंय?” तो ओरडला. “तुमका हाडूक?”

“येवन तर बघ!” थोरला म्हणाला. “तंगडा मोडून हातात देयन!”

दुपार बरीच कलल्यावर सुरुंग काढणाऱ्या पथकाचे लोक आले. ते आमच्या वाटेने आले नाहीत. दगडाच्या मागून, पांढऱ्या बाजूने, दोन जीपगाड्या थेट धाकट्यापर्यंत आल्या. माणसे उतरली आणि सरळ चालत त्याच्यापाशी गेली, जशी बाजारात चालतात. एकाने त्याला पाणी दिले. एकाने त्याच्या पायांकडे पाहिले आणि आपल्या चपला काढून दिल्या. इतके तास तो जिथे बसला होता, तिथे गाडी उभी राहू शकत होती.

मग पथकातला एक बांगलादेशी जवान जाड जाकीट आणि काचेचा मुखवटा घालून दगडाच्या लाल बाजूला पालथा झोपला आणि आमच्या दिशेने निघाला. हातात सळई. ती तो तिरपी खुपसत असे, थोडीशी, पुन्हा थोडीशी, आणि मग हातभर पुढे सरकत असे. त्याच्यामागे दुसरा पांढरी फीत अंथरत होता.

“हिलेगा नहीं, दादा,” तो मान वर न करता आम्हाला म्हणाला. “एकदम नहीं.”

आम्ही हललो नाही. वेळ फार गेला. थोरला त्या सळईकडे पाहत होता. मी सूर्याकडे पाहत होतो.

मध्याच्या जरा अलीकडे जवान थांबला. त्याने हात वर केला. मागचा माणूस जागच्या जागी थिजला. जवानाने बोटांनी वाळू बाजूला केली, एकदा, दोनदा, आणि मग शेजारी एक लहान लाल निशाण रोवले. फीत त्या निशाणाला वळसा घालून पुढे आली.

निशाण दगड आणि आम्ही यांच्या मध्ये, सरळ रेषेत होते. धाकटा त्या रेषेत चालत गेला होता. किती अंतराने, हे कोणाला सांगता आले नसते, कारण पावले पुसली गेली होती. थोरल्याने निशाण पाहिले. मग दगड पाहिला. मग आपण उभे होतो ती जागा पाहिली.

आम्ही फितीवरून, एकामागे एक, बाहेर आलो. मोटरसायकली तिथेच राहिल्या. दगडापाशी दोघे भाऊ समोरासमोर आले. धाकट्याने तोंड उघडले. थोरल्याने हाताने त्याला गप्प केले, त्याच्या दोन्ही पायांकडे पाहिले, पुन्हा पाहिले आणि जीपमध्ये जाऊन बसला.

अधिकारी कुवेती होता, वयाने तरुण. त्याने मला इंग्रजीत विचारले की खांब आणि तार आम्हाला दिसली नाही काय. मी सांगितले, नाही. एका राखेत जळका खांब दिसला. तो म्हणाला की हिवाळ्यात लोक शेकोटीला लाकूड शोधतात. नारळाकडे बोट करून त्याने हे काय म्हणून विचारले. मी म्हणालो, अर्पण. त्याने मान हलवली आणि तो तिथेच राहू दिला.

पोलीस चौकीवर आमची ओळखपत्रे घेतली आणि पुन्हा असे करणार नाही असे लिहून घेतले. पुणेकर आणि सांगलीकर तिथे बाकावर बसून होते. पुणेकराने धाकट्याला पाहिले आणि विनोद करायला तोंड उघडले, आणि त्याला रडू आले. सांगलीकराने त्याला बाहेर नेले.

एका कुवेती शिपायाने आम्हाला आपल्या गाडीने सोडले. अब्बासियात दोघे भाऊ उतरले. बाजारातले दिवे लागले होते, किराण्याच्या दुकानापुढे शुक्रवारची गर्दी होती. धाकटा खिडकीशी वाकून म्हणाला, “येतंय, साहेब.” थोरला गर्दीत शिरला होता. वळला नाही.

मी अहमदीला घरी पोचलो. डोळे धुतले. कपडे बाहेर झटकले. उद्याच्या कामाचा तक्ता माझ्या टेबलावर होता. एका रिकाम्या टाकीत वेल्डिंग होते. धाकटा आत जाणार होता आणि टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला थोरला होता. कंत्राटदाराचे लोक असेच करत. भाऊ भावाची काळजी घेईल, असे त्यांना वाटे. आतापर्यंत मीही त्यावर काही म्हटले नव्हते.

मी कंत्राटदाराच्या सुपरवायझरला त्याच्या घरी फोन लावला. पहाऱ्याचा माणूस बदलायला सांगितला.

“का हो? फिटर आजारी आहे?”

“नाही.”

“भावाभावांत भांडण?”

“नाही. पहाऱ्याला नात्यातला माणूस ठेवू नका.”

“असा नियम नाही, साहेब.”

“तरी ठेवू नका.”

तो कुरकुरला. कागद आणायला गेला, परत आला, दुसरे नाव घातल्याचे त्याने मला वाचून दाखवले. मी माझ्या तक्त्यावर ते नाव लिहिले आणि फोन खाली ठेवला.